तो आला

पक्षी ओळखता येतात, असं मी गेली वीसेक वर्षं लोकांना सांगत आले आहे. म्हणजे पाटी लावून नाही सांगत. पण लोकलमध्ये, लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या गच्चीवर कुणी "तो बघ कसला पक्षी" म्हणालं की माझी मान आपोआप वळते आणि मी नाव सांगून मोकळी होते. समोरचा "अरे वा" म्हणतो. त्या "अरे वा"ची सवय लागते हो माणसाला. ही गोष्ट त्या सवयीची आहे, थोडी आमच्या आप्पांची आहे, आणि जेमतेम तीन चमचे साखरेएवढं वजन असलेल्या एका पाहुण्याची आहे.

तर झालं असं. २०२५ च्या मे महिन्यात मी खोपोलीला माहेरी होते. आप्पांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि दिवसातून चार वेळा थेंब घालायचे होते. आईचा हात थरथरतो, त्यामुळे थेंब डोळ्यापेक्षा गालावरच जास्त पडायचे. म्हणून मी. त्या वर्षी मे महिन्यातच पावसाने काय धुमाकूळ घातला होता ते आठवत असेलच. आंबे झाडावर, पापड गच्चीवर आणि वरून पाऊस. २५ तारखेच्या पहाटे, पावणेपाच वाजले असतील, बाल्कनीच्या काचेवर 'टप्प' असा आवाज झाला. ओला फडका कुणीतरी फेकून मारावा तसा.

आमची बाल्कनी पूर्वी उघडी होती. पाऊस आत येतो म्हणून मीच मागे लागून तिला सरकती काच बसवून घेतली. आणि आप्पा रात्री उठले तर धडपडू नयेत म्हणून आई तिथला दिवा रात्रभर चालू ठेवायची. रात्री स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना पावसाळी अंधारात असा उजेड दिसला की ते भरकटतात, आणि काच तर त्यांना दिसतच नाही. हे सगळं मला माहीत होतं. लोकांना सांगूनही झालं होतं. स्वतःच्या घरी मात्र काचही माझीच आणि दिवाही आमचाच.

बाहेर फरशीवर तो पडला होता. पाठीवर. मी आधी काय पाहिलं असेल तर पाय. लालभडक, पोवळ्यासारखे, वर आकाशाकडे. मग तशीच लाल चोच, अंगाच्या मानाने अवाढव्य. ट्यूबलाइटच्या पांढऱ्या उजेडातसुद्धा पोट हळदीच्या गाठोड्यासारखं पिवळं दिसत होतं. अलगद उचलून सरळ केला तर पाठीवर काळपट निळा, शाईचा, आणि डोक्यावर नारिंगीत मिसळलेली जांभळी झाक. ही झाक मजेशीर होती. हात थोडा कलला की दिसायची, परत सरळ केला की नाही. मानेच्या बाजूला एक पांढरा ठिपका, त्याला लागून निळा. एवढे सगळे रंग, आणि पूर्ण पक्षी माझ्या तळहातात मावून वर जागा शिल्लक.

आई मागे येऊन उभी होती. "नवरंग असेल गं," ती म्हणाली. "मागे पेपरात आलं होतं, कुणाच्या तरी घरात शिरला म्हणून."

आईचं अगदीच चुकलं नव्हतं. नवरंगही याच दिवसांत, पावसाच्या तोंडावर आपल्याकडे येतो, रात्रीचा प्रवास करतो आणि असाच काचांवर आपटतो. रंगही त्याच्याकडे भरपूर. पण नवरंग मैनेच्या जवळपास जातो, शेपूट तोडल्यासारखी आखूड, पाय लांब, आणि चोच काही अशी लाल खंजिरासारखी नसते. ही चोच खंड्याची होती, त्यात शंका नव्हती. प्रश्न फक्त कुठला खंड्या एवढाच. म्हणून मी त्याचा पाय बोटावर घेतला आणि मोजलं. एक, दोन, मागे एक. तीन.

परत मोजलं. तीनच.

बाकीच्या आपल्या नेहमीच्या खंड्यांना चार बोटं असतात. तीन बोटांचा हा एकच. म्हणून तर मराठीत त्याचं नावच तिबोटी खंड्या. इतकं सरळ नाव. मी त्याला कर्नाळ्याला पाहिलं होतं, चिपळूणकडे पाहिलं होतं, दुर्बिणीतून, पाचोळ्याच्या मागे, पाच सेकंद, सात सेकंद. पाय मोजायची वेळ कधी आली नव्हती.

पुढचं काम साधं असतं आणि अवघड असतं, कारण त्यात काही करायचं नसतं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, तळाला जुनी बनियन अंथरली, त्याला आत ठेवून झाकण लावलं आणि खोकं अंधाऱ्या, शांत खोलीत. चोचीत पाणी घालायचं नाही, वारा घालायचा नाही, दर दोन मिनिटांनी उघडून बघायचं नाही. आईला हे पटेना. "घोटभर पाणी तरी दे गं बिचाऱ्याला." घाटावरून घामाघूम आलेल्या पाहुण्याला आधी गूळपाणी देणाऱ्या घरातली ती. तिला समजावता समजावता आप्पा उठले.

आप्पांनी काळा चश्मा लावलेला. रात्री झोपताना लावायची ती जाळीची पट्टी कपाळावर सरकवलेली. "काय आहे?" म्हणाले. मी म्हटलं, पक्षी आपटलाय काचेवर. "दाखव." म्हटलं, आप्पा, थांबा, अर्ध्या तासाने उघडते. ते खोक्याशेजारी पाटावर बसून राहिले. चहाही तिथेच घेतला.

सव्वासहाला आतून खुडबुड ऐकू आली. म्हणजे मला ऐकू आली. बाहेर पाऊस थांबला होता, उजाडलं होतं. खोकं बाल्कनीच्या कठड्यावर नेऊन झाकण थोडं सरकवलं. तो उभा होता. मान आत ओढून, चोच वर करून, डोळे टक्क उघडे. आप्पांनी काळा चश्मा काढला (काढायचा नव्हता), नव्या डोळ्याने वाकून बघितलं आणि म्हणाले, "हाच."

मी म्हटलं, "हा तिबोटी खंड्या, आप्पा."

आप्पा त्याच्याकडेच बघत म्हणाले, "तू तर साधा खंड्या म्हणाली होतीस."

आता जरा मागे जायला हवं.

आप्पांनी बत्तीस वर्षं इथल्या एका कारखान्यात काढली. खोपोली ही मुळात कारखान्यांची आणि वाहतुकीची. बोरघाटातला रेल्वेचा चढ १८६३ साली तयार झाला, त्याआधी मुंबईकडून येणारी गाडी इथेच संपायची आणि पुढे लोक पालखीतून, डोलीतून घाट चढून खंडाळ्याला दुसरी गाडी पकडायचे. १९१५ साली टाटांचं वीजघर सुरू झालं. वर लोणावळ्याकडे साठवलेलं पाणी मोठमोठ्या नळांतून डोंगरावरून खाली येतं, चक्रं फिरवतं आणि पाताळगंगेत सुटतं. म्हणून आमची नदी उन्हाळ्यातही वाहती असते. या पाण्याच्या आणि विजेच्या जिवावर पुढे कारखाने आले. बाहेरचा माणूस खोपोली म्हणजे घाटाआधीचा वडापाव असं समजतो, पण डोंगराच्या पायथ्याशी, कारखान्याच्या कुंपणापलीकडे लगेच रान सुरू होतं. पावसाळ्यात तर विचारूच नका. जिकडे बघावं तिकडून पाणी उतरत असतं.

आप्पा रात्रपाळी करून सकाळी घरी येताना हमरस्त्याने यायचे नाहीत. मागच्या ओढ्याकाठाने यायचे. लांब पडायचं, पण आठ तास यंत्रांच्या धडधडाटात काढल्यावर त्यांना म्हणे तो ओढा लागायचाच. तिथे, करंजाच्या आणि उंबराच्या झाडोऱ्यात, त्यांना तो पक्षी दिसायचा. फक्त पावसाळ्यात.

२००४ सालच्या जून महिन्यातली गोष्ट. मी तेव्हा पुण्यात नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती, आणि पक्षिनिरीक्षणाचं वेड लागून एकच. पहिल्या वर्षाच्या वेडाइतकं कर्कश काही नसतं. बॅगेत ग्रिमेट-इन्स्किपचं पुस्तक, गळ्यात उसनी दुर्बीण. रविवारी घरी काका-काकू आले होते, माझ्या दोन मैत्रिणी आल्या होत्या. जेवताना आप्पा म्हणाले, "बेबी, तुझ्या पुस्तकात बघ बरं. आपल्या ओढ्यावर एक पक्षी येतो. इवलासा. चिमणीहूनही लहान. चोच लाल, पाय लाल, पोट पिवळं, पाठ निळी. बाणासारखा जातो आणि बारीक आवाज करतो. दरडीत बीळ आहे त्याचं."

मी पुस्तक उघडलंसुद्धा नाही. "खंड्या असेल हो आप्पा. लाल चोच, निळी पाठ, काठावर बीळ. दुसरं काय!"

"अगं, खंड्या मला माहीत नाही का? तारेवर बसतो तो. हा एवढासा आहे." त्यांनी अंगठा आणि तर्जनीत अंतर दाखवलं. आगपेटीएवढं.

"मग छोटा खंड्या. तो लहान असतो."

"त्याचं पोट पिवळं असतं?"

"तांबूस असतं. तुम्ही रात्रपाळी करून येता, डोळ्यांवर झोप असते, उजेड कमी असतो..." आणि मग मी, पंचवीस वर्षांची, चार माणसांत, हसून म्हणाले, "आप्पांना एकाच पक्ष्यात सगळं दुकान दिसतं."

सगळे हसले. आप्पाही हसले. वरण वाढ म्हणाले आईला. त्यानंतर त्यांनी मला कुठल्याही पक्ष्याबद्दल कधी काही विचारलं नाही. मला ते एकवीस वर्षांत जाणवलंही नव्हतं. एखादी गोष्ट विचारायची बंद होणं, याचा आवाज होत नाही.

आता ते वर्णन पुन्हा वाचा. लाल चोच, लाल पाय, पिवळं पोट, निळी पाठ, चिमणीहून लहान, दाट झाडीतला ओढा, पावसाळ्यातच येणारा, बारीक आवाज, दरडीत बीळ. कुठल्याही पुस्तकातल्या वर्णनाशेजारी ठेवा. एकही खूण सुटलेली नाही. माप आहे, अधिवास आहे, ऋतू आहे, आवाज आहे. पक्षी ओळखायला शिकवतात तेव्हा रंगांवर जाऊ नका, आधी आकार बघा, जागा बघा, मग रंग, असंच शिकवतात. आप्पांनी कुणाकडे न शिकता तेच केलं होतं. मी मात्र नऊ खुणांतल्या तीन घेतल्या, त्या मला माहीत असलेल्या पक्ष्याला चिकटवल्या आणि उरलेल्या सहा आप्पांच्या झोपेवर ढकलल्या.

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की नेहमीचा पक्षी आधी गृहीत धरावा, दुर्मीळ नंतर, हा नियम चुकीचा नाही. नवशिक्यांना तर तो घोकायलाच हवा, नाहीतर प्रत्येक घारीचा गरुड होतो. पण नियम सांगणाऱ्याने पाहिलेलं असतं, या गृहीतकावर चालत नाही. आप्पांनी पाहिलं होतं. पाहिलं नव्हतं ते मी.

(गंमत म्हणजे या पक्ष्याला शास्त्रीय नाव देणारा लिनियस हाही भारतात कधी आला नव्हता. एलिझर अल्बिन नावाच्या इंग्रज चित्रकाराने १७३८ साली छापलेलं चित्र आणि वर्णन त्याच्यासमोर होतं. त्यावरून त्याने १७५८ साली नाव दिलं, ते आजही चालतंय. दुसऱ्याने सांगितलेलं नीट ऐकून घेतलं तर घरबसल्याही ओळखता येतं, असा त्याचा अर्थ!)

असो. तर कठड्यावर तो उभा होता आणि आप्पा त्याच्याकडे बघत होते. वीसेक सेकंद गेली असतील. मग तो उडाला. उडाला म्हणजे तिथे नव्हता, एवढंच. समोरच्या करंजाकडे एक निळी-पिवळी रेघ गेली आणि झाडात शिरता शिरता तो बोलला. चि-चीई. सुईने हवा टोचावी तसा बारीक, धारदार आवाज.

"गेला?" आप्पांनी विचारलं.

"गेला. नीट गेला. आणि बोलला पण."

"कधी?"

"हे काय, आत्ता."

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग करंजाकडे. मग काळा चश्मा लावून आत गेले.

त्या दुपारी आईने मला माळ्यावरची ट्रंक काढायला लावली. "हे कुणाला दाखवत नाहीत, पण तू बघ," म्हणाली. ट्रंकेत कालनिर्णय. १९८८ पासूनची. आप्पांना कॅलेंडरच्या चौकोनात लिहायची सवय आहे हे मला माहीत होतं. गॅस लावला, दूध नाही, लाइट बिल भरले, अमक्याला पाचशे दिले. मधली १९९० आणि ९१ ची पानं माझ्या वह्यांना कव्हर म्हणून गेली, त्याचा आप्पांना अजून राग आहे. प्रत्येक वर्षाच्या जूनचं पान उघडलं की पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात कुठेतरी, निळ्या शाईत दोन शब्द. 'तो आला.' ९ जून १९९४. ४ जून २००१. २००९ साली पाऊस रखडला होता, त्या वर्षी १७ जून. लहानपणी मी हे वाचलेलं मला आठवतंय. मला वाटायचं तो म्हणजे पाऊस.

२००४ च्या जूनमध्येही होतं. 'तो आला.' ८ तारीख. माझ्या त्या रविवारच्या आधी पाच दिवस. आणि २००५ लाही होतं, २००६ लाही. माझं उत्तर ऐकून त्यांनी लिहायचं बंद केलं नव्हतं. फक्त मला सांगायचं बंद केलं होतं.

२०१५ पर्यंत नोंदी होत्या. २०१६ पासून चौकोन रिकामे.

"ओढ्याला भिंत घातली ना," आई म्हणाली. "काँक्रीटची. दोन्ही बाजूंनी. ह्यांनी अर्ज दिला होता. दरड ठेवा, एका बाजूची तरी ठेवा म्हणून. तीन खेपा घातल्या. कुणी विचारलं नाही. तेव्हापासून तो येत नाही म्हणतात. त्या बाजूला जातही नाहीत आता."

दुसऱ्या दिवशी, २६ मेला, मान्सून मुंबईत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. नेहमीच्या ११ जूनपेक्षा सोळा दिवस आधी. मी रजा वाढवून घेतली. घरून काम, निमित्त डोळ्याचे थेंब. आणि रोज पहाटे ओढ्यावर जायला लागले.

भिंतीच्या टापूत खरंच काही नव्हतं. या पक्ष्याला बीळ खणायला मातीची उभी दरड लागते. जोडीतले दोघंही चोचीने आणि पायांनी खणतात, कधी हातभर, कधी त्याहून जास्त आत, आणि टोकाला अंड्यांची खोली. सिमेंटात काय खणणार? पण खंड्या असूनही हा फक्त माशांवर जगत नाही. कोळी, माश्या, बेडूक, लहान खेकडे, पाली, सरडे, सगळं चालतं. म्हणजे त्याला नदी नको, झाडीतलं ओलं, सावलीचं पाणी हवं. मी भिंत संपते तिथून वर चढत गेले. दोनतीनशे पावलांवर ओढा वळतो, तिथे डोंगराची लाल माती उघडी पडली आहे आणि वर मुळं लोंबतात. तिसऱ्या दिवशी तिथे आवाज ऐकला. पाचव्या दिवशी पाहिला. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं आळीपाळीने त्या मातीवर झेपा घेत होते.

म्हणजे भिंतीने तो गेला नव्हता. भिंतीने तो सरकला होता, वर, दोनतीनशे पावलं. आणि तो उडताना ओढ्याच्या त्या अख्ख्या पट्ट्यात ऐकू येत होता. आमच्या गच्चीवरूनही, पहाटे, वाहनं कमी असताना, दोनदा ऐकू आला.

हे आप्पांना कसं सांगायचं, यावर मी आठवडाभर काढला. आप्पांच्या मते त्यांना सगळं ऐकू येतं, लोकच हल्ली पुटपुटतात. टीव्हीचा आवाज एवढा असतो की शेजारच्यांना आमच्या बातम्या कळतात. पण कानाचा विषय काढला की ते उठून जातात. म्हातारपणी आधी उंच पट्टीचे आवाज जातात. आणि कारखान्याच्या गोंगाटात आयुष्य गेलेल्या माणसांचं तर अजून वाईट. गोंगाट आधी चार हजार हर्ट्झच्या आसपासचंच ऐकणं कुरतडतो. माणसांचं बोलणं पुढे बरीच वर्षं बऱ्यापैकी समजत राहतं, त्यामुळे पत्ता लागत नाही. पक्षी आधी जातात. झाडं तीच, पाऊस तोच, आणि रान आपलं हळूहळू गप्प होत जातं. माणसाला वाटतं, रानातच काही राहिलं नाही.

आप्पांकडे निदान कारण होतं. भिंत. त्या भिंतीवर त्यांचा नऊ वर्षांचा राग उभा होता, आणि तो राग खोटा नव्हता. तो काढून घेऊन त्या जागी त्यांच्या हातात त्यांचाच कान द्यायचा?

शेवटी सांगितलं नाही. भेकडासारखा दुसरा मार्ग काढला. एका संध्याकाळी थेंब घालून झाल्यावर म्हटलं, आप्पा, मोबाइलवर त्याचा आवाज आहे, ऐकायचाय? (हे घरात. बिळाजवळ असली रेकॉर्डिंग वाजवू नयेत, पक्ष्याला वाटतं दुसरा नर घुसला, आणि तो अंडी सोडून भांडायला धावतो.) मोबाइलचा आवाज पूर्ण वाढवून त्यांच्या कानापासून वीतभर धरला आणि वाजवला. चि-चीई. चि-चीई. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "अगंबाई, तोच का हा!"

आप्पा माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. वाट बघत होते. थोड्या वेळाने म्हणाले, "लाव ना."

मी काही बोलले नाही. बोलता आलं नाही. मोबाइल वाजतच होता. त्यांनी खाली मोबाइलकडे बघितलं, पडद्यावर आवाजाची ती रेघ वरखाली हलत होती. मग आईकडे, जिला ऐकू आलं होतं. आप्पा हुशार माणूस आहे. त्यांनी चश्मा काढला, पुसला, परत लावला.

"म्हणजे येत होता," ते म्हणाले.

"हो. वर, वळणापाशी."

"दरवर्षी?"

"असणार."

बराच वेळ ते बसून राहिले. आई गॅस बंद करून दारात येऊन उभी राहिली. मग म्हणाले, "चौकोन उगाच रिकामे राहिले." आणि जरा थांबून, "भिंत चुकीचीच होती पण."

"चुकीचीच होती," मी म्हटलं.

मग मी माफी मागितली. २००४ ची. ते म्हणाले कसली माफी, आणि मी सांगायला लागले तर म्हणाले, "हां, ते दुकान." त्यांना शब्दही आठवत होता.

त्याच जूनमध्ये, १८ तारखेला, मारुती चितमपल्ली गेले. पद्मश्री मिळून दोन महिनेही झाले नव्हते. २००२ साली आलेला त्यांचा पक्षिकोश माझ्याकडे आहे. त्या संध्याकाळी आप्पांनी तो मागून घेतला आणि नव्या डोळ्याने खंड्यांची पानं वाचत बसले. चितमपल्लींनी जंगलातल्या माणसांकडून, पारध्यांकडून, आदिवासींकडून पक्ष्यांची नावं गोळा केली, त्यांना वेड्यात न काढता. आप्पा फक्त एवढंच म्हणाले, "ह्यांना विचारायला हवं होतं." मी ऐकून घेतलं. तेवढं लागत होतं.

जोडीने वळणावर पिल्लं काढली. अंडी उबवायला सतरा-अठरा दिवस, मग पिल्लं उडायला अजून तीनेक आठवडे. जुलैत मी पुण्याहून दोनदा येऊन लांबून बघितलं. फोटो काढला नाही. आमच्या ग्रुपवर आवाजाबद्दल नुसतं लिहिलं तर दहा मिनिटांत चार जणांचा एकच प्रश्न, 'लोकेशन?' हा पक्षी फोटोवाल्यांचा फार लाडका आहे. बिळासमोर रांगा लागतात, चांगला फोटो यावा म्हणून आडव्या येणाऱ्या फांद्या छाटतात, आणि मग ते बीळ सापालाही तेवढंच छान दिसतं. मीही कधीकाळी अशा रांगेत उभी राहिले आहे, नाही असं नाही. या वेळी उत्तर दिलं नाही. म्हणून वर वळण लिहिलंय ते कुठलं, हे इथेही विचारू नका.

कानाचं मशीन ऑगस्टमध्ये घेतलं, गणपतीच्या आधी. आप्पांनी ते आठ दिवस लावलं. आरतीच्या झांजा सहन होईनात म्हणून काढलं ते काढलंच. टेबलाच्या खणात डोळ्यांच्या थेंबांशेजारी पडून होतं. आईने फोनवर तक्रार केली, मी रागावले, त्यांनी "बघू" म्हटलं. दिवाळीत गेले तेव्हाही खणातच होतं.

२०२६ चं कालनिर्णय भिंतीवर लागलं तेव्हा मी सहज मे महिन्याचं पान उलटून बघितलं. वीस तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने, बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, 'मशीनचे सेल आणणे'.